टपावरचा नान

बाजारातून परतले, तर दाराशी उभ्या माझ्या गाडीचा दिवा फुटलेला आणि टपावर फडक्यात बांधलेला गरम नान! ठोकणारा नानावरच्या ठशावरूनच कळला. समरकंदमध्ये घरागणिक ठसा वेगळा. हा पाकळी तुटलेला, शेजारच्या एर्गाश आजोबांचा. बायको आजारी पडल्यापासून नान तेच भाजतात आणि धड दिसत नसताना तिला गाडीतून दवाखान्यातही नेतात. दुपारी विम्याचा माणूस आला, आमच्याच मोहल्ल्यातला. “आपा, नावाशिवाय भरपाई नाही. नाव सांगा, बाकी पोलीस बघतील.” “नाही माहीत.” “ठोकणाऱ्याचा काही पुरावा?” मी नान ठशावरच मोडून अर्धा त्याला दिला. “खा.” ठसा न्याहाळत तो चावत राहिला. “करपलाय, पण मीठ खाल्लं खरं.” मग त्याने अर्जावर लिहिलं: ठोकणारा अज्ञात. जाताना म्हणाला, “त्या अज्ञात आजोबांकडून गाडीची किल्ली तेवढी काढून घ्या.” ती केव्हाच माझ्या खिशात होती, आजींच्या दवाखान्याचे वारही पाठ.