मीठ चुकलं

आठ वर्षांच्या तेजलला सिकलसेलचा आजार. आठवडाभर ती ताटाकडे बघायलाही तयार नव्हती आणि रिकाम्या पोटी गोळ्या काही टिकत नव्हत्या. लाडीगोडी झाली, दटावून झालं, उत्तर एकच, "नाय खायचं."

तिची आई बायडी पाम गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. कोणीतरी चव बघून वहीत सही केल्याशिवाय एकाही ताटात वाढायचं नाही, असा तिथला नियम. रोज ती सही दीपालीबाई करायच्या. त्या दिवशी मात्र बायडीनं लेकीला चुलीजवळ बसवलं आणि वही तिच्याच मांडीवर ठेवली, हातात चवीची वाटी दिली.

"आज बाईंना वेळ नाय. तू बघ चव. पोरं खोळंबलीत."

ताटं घेऊन बसलेल्या साठ पोरांकडे तेजलनं एकदा पाहिलं आणि चमचाभर खिचडी तोंडात घातली. "आये, मीठच नाय!"

बायडीनं जीभ चावली, मीठ घातलं. तेजलनं पुन्हा चमचा भरला. "अजून कमी हाय." मग तिला हळद कच्ची लागली, मग डाळ जरा शिजू दे म्हणाली. असं करता करता वाटी रिकामी झाली. ती बोटानं पुसून चाटल्यावर तिनं रुबाबात सही ठोकली. "हां, आता वाढ!"

पंगत वाढून झाली तशा दीपालीबाई हळूच म्हणाल्या, "बायडीताई, बारा वर्षांत तुमच्या हातून मीठ कधी चुकलं नव्हतं."

"उद्या बी चुकणार हाय, बाई."