छान आहे

"तिथं अहिराणी काढू नकोस, आई. कोणी विचारलंच तर 'छान आहे' म्हण, बस!" असं बजावूनच प्राध्यापक रुपचंदनं यशोदाबाईंना अमळनेरच्या फिल्म सोसायटीत आणलं.

पडद्यावर आइसलँडचं खेडं होतं. बर्फ, मेंढ्या आणि आईचा हात सोडून मोठा होत गेलेला एक पोरगा. भाषा कोणालाच कळेना, सगळे खालची इंग्रजी अक्षरं वाचत बसले. यशोदाबाईंना अक्षरं येत नव्हती. पण अडलेली मेंढी कळली, आणि शहरातून परतलेला पोरगा आईशी नीट का बोलत नाही, तेही कळलं. त्यांनी दोनदा पदर डोळ्यांना लावला.

सिनेमा संपताच रुपचंदनं माईक धरला. "साडेतीन लाख माणसांची भाषा! पण तिची लाज नाही त्यांना. गोठ्यातली बोली थाटात पडद्यावर आणतात. आणि आपण करंटे! आईच्या बोलीची लाज वाटते आपल्याला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. यशोदाबाई मात्र भाकड म्हशीकडे बघावं तशा लेकाकडे बघत राहिल्या.

कार्यक्रमाला पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी कौतुकानं माईक त्यांच्यापुढे धरला. "आजी, कसा वाटला सिनेमा?"

"छान आहे."

"अजून सांगा ना काहीतरी."

"आखो काय सांगू, भाऊ?" यशोदाबाईंचा खणखणीत आवाज सभागृहभर गेला. "मना पोऱ्यानी माले इतलंच शिकाडेल शे."