बावन्न मापाची पगडी

“ही तर लहान पोराची आहे,” वर्सिनी म्हणाली आणि पगडी उलटी करून टेबलावर ठेवली.

“माझ्या बापाची आहे,” पाहुणा म्हणाला. “तू नीट बघ ना.”

तू. साठी उलटलेल्या बाईला, तिच्याच दुकानात, पहिल्याच भेटीत तू. जावा बेटावरच्या या जोग्जात सायकलरिक्षावालासुद्धा असं बोलत नाही. माणूस म्हणत होता, सुरिनामहून आलोय, पार समुद्रापलीकडून. तिथली जावानीज माणसं अशीच बोलतात म्हणे. आणि तो म्हणे तिचा सख्खा चुलतभाऊ. नाव सांगितलं हेंड्रिक सारिमान. अर्धं नाव एका देशाचं, अर्धं दुसऱ्याचं.

तिने टेप लावली. पगडी भरली बावन्न सेंटिमीटर. त्याचं डोकं एकोणसाठाचं होतं, ते तिने दारातच नजरेने मोजलं होतं.

मागच्या फळीवर आजोबा ज्यांच्यावर पगड्या शिवायचे ते लाकडी ठोकळे होते. पन्नास, बावन्न, चोपन्न. आता त्यांच्यावर रिळं ठेवायची, कारण अठ्ठावन्नाच्या खाली कुणी मागतच नाही. पोरं अंडी-दूध खाऊन वाढली, डोकी मोठी झाली, आणि डोक्यावर काही घालायचं मात्र राहून गेलं. आजोबांच्या पिढीची ब्लांगकोन, म्हणजे ही शिवलेली पगडी, निजतानाच उतरायची. बाबांच्या पिढीची सणावारी चढायची. आताची मंडळी लग्नात घालतात, तीही फोटोपुरती, नाहीतर दर पाच आठवड्यांनी ऑफिसात जुन्या पोशाखाचा गुरुवार येतो तेव्हा. पूर्वी पगडीच्या मागच्या फुगवट्यात माणसाचा स्वतःचा अंबाडा असे. आता केसच नाहीत, म्हणून चिंध्यांचा गोळा भरायचा.

वर्सिनीने फुगवटा चिमटीत दाबला. पोकळ होता. म्हणजे जुनी तर खरीच. पण जुन्या बाजारात अशा जुन्या पगड्या ढिगाने मिळतात.

“मागे फणसाजवळ विहीर होती ना?” पाहुण्याने विचारलं. तो मघापासून छताचे वासे बघत होता.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“बापाने. अजून आहे?”

मागच्या महिन्यातच तिने घर आपल्या नावावर करायला अर्ज टाकला होता. कचेरीतल्या माणसाने विचारलं होतं, आजोबांचे आणखी कुणी वारस? ती म्हणाली होती, नाहीत. खोटं नव्हतं ते. सारिमानकाका पंधराव्या वर्षी सुरिनामच्या मळ्यावर मजूर नेणाऱ्या दलालामागे लागून बोटीवर चढले. आजोबांनी त्यांच्या डोक्यावरची पगडी हिसकावली, बोडक्याने घराबाहेर काढलं, म्हणाले, तू माझा कुणी नाहीस. बाबांनी हे शंभरदा सांगितलेलं. या चार भिंती त्या एका गोष्टीवर उभ्या होत्या.

“काका बोडके गेले,” ती म्हणाली. “मग ही पगडी आली कुठून?”

“त्याच्या डोक्यावरून.”

“आणि तुम्हाला काय हवंय?”

“मोठी करून दे. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. बापाची घालून उभा राहीन म्हणतो.”

तिचा नवरा पार्मिन आतल्या दारात चहा फुंकत उभा होता. तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, “अर्धं जग ओलांडून टोपी सैल करायला आलाय हा? घर जोखायला आलाय.”

तिलाही तेच वाटत होतं. तिने सुरी घेतली. वरून कुणीही कुणाची नक्कल करील, पण आतली शिवण सगळं सांगते. ती उसवायची, त्याच्यापुढे धरायची आणि दार दाखवायचं. तिने मागचे टाके एकेक करून कापले आणि अस्तर बाजूला सारलं.

आत कापड होतं. चांगलं तीन बोटं रुंद, दुमडून ठेवलेलं. बाहेरचं बाटिक कापड विटून फिक्या चहासारखं झालं होतं. आतलं अजून गडद, काल रंगवल्यासारखं. आणि त्या दुमडीवर पांढऱ्या दोऱ्याच्या तीन कच्च्या ओळी, बोटाबोटाच्या अंतरावर.

तिची बोटं ओळींवरून फिरली. पहिली ओळ उसवली की पगडी बोटभर मोठी. मग दुसरी. मग तिसरी. पंधराव्या वर्षी गेलेलं डोकं एका वर्षाने केवढं होईल, दोन वर्षांनी केवढं, केस राखले की केवढं, हे कुणीतरी हिशेबाने टाक्यात धरून ठेवलं होतं. तिन्ही ओळी जशाच्या तशा होत्या, कुणी उसवल्याच नव्हत्या.

“काय निघालं?” पाहुण्याने विचारलं.

पार्मिन पुढे वाकला. त्या रुंद दुमडीवर नजर पडली तसा त्याचा चेहरा सैल झाला.

“खोटी आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “ही आजोबांची नव्हेच. ते एवढं कापड आत सोडतील? शिवणीला लागून कापायचे, सूतभर ठेवायचे नाहीत. सगळ्या जोग्जाला ठाऊक आहे. सांग ना त्यांना.”

पाहुणा वर्सिनीकडे बघत राहिला. ती जे सांगेल ते घेऊन तो परत जाणार होता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्याने टेबलावरून हातसुद्धा मागे घेतला.

वर्सिनीने पहिल्या ओळीचा दोरा नखाने उचलला आणि ओढला.

“गिऱ्हाइकासाठी नसत सोडत,” ती म्हणाली.