हाताचा कौल

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी तात्या हात दाबून औषध पारखायला शिकले. वस्तू एका मुठीत धरायची, दुसरा हात ताठ ठेवायचा. दाबल्यावर तो खाली आला, की ती वस्तू अंगाला सोसत नाही. बायकोचा हात दुधाला पडला, गव्हाला पडला, शेवटी हृदयाच्या गोळ्यांनाही पडला. तात्यांनी गोळ्या बंद केल्या.

महिन्याने त्यांनी चष्मा न लावताच एक बाटली तिच्या मुठीत दिली. हात पडलाच.

"हेही सोसत नाही तुला."

"अहो, बाटली रिकामी आहे. माझ्या हातातच त्राण नाही, पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षांत तुम्ही असा रोज माझा हात धरला होता कधी?"

तात्या अनवाणीच डॉक्टरांकडे धावले. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ती गेली.