रजिस्टरमधली आठ मिनिटं

मानोऱ्यातल्या खासगी दवाखान्याचा दर्जा तपासायला पथक आलं. छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत व्हायलाच हवा. रजिस्टरमध्ये देवमन नावाच्या अशाच एका रुग्णापुढं आठ मिनिटं लिहिलेली होती. देवमन वाचला नव्हता. पथकानं त्याच्या बायकोला, भागिरथाला, बोलावलं. आकडा ऐकून ती उसळली. “आठ? सव्वा तास बाकावर तडफडला माहा माणूस! डॉक्टर जेवून राह्यले म्हने!” “खोटं बोलतेय बाई. हाकला हिला,” डॉक्टर गरजले. भागिरथानं नर्सचा, सपनाचा, हात धरला. “तू होती ना तिथं? सांग ह्यायले!” सपनाचा चेहरा उतरला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो आकडा तिनंच लिहिलेला. तिनं रजिस्टर ओढलं, आठ खोडून पंचाहत्तर लिहिलं आणि सही ठोकली. “उद्यापासून येऊ नकोस!” डॉक्टर म्हणाले. “नाही येत,” म्हणत सपनानं मागचं पान उघडलं आणि तिथलेही आकडे खोडायला घेतले.