पाच वाजताचं हत्तीचं पिल्लू

पिंजऱ्याच्या तळाशी आज पुन्हा सात-आठ पिसं पडली होती. जयवंतने ती चिमटीने उचलली आणि टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. पोपटाला एकटं वाटू नये म्हणून तो दिवसभर बातम्या लावून ठेवायचा. पडद्यावर चार माणसं एकमेकांवर खेकसत होती. दाण्याने डोक्यावरचा तुरा चापून बसवला, मान वाकवली आणि छातीवरचं आणखी एक पीस उपटलं.

दाण्या म्हणजे कॉकाटील. करड्या अंगाचा, नारिंगी गालांचा, मुठीएवढा पोपट. जयवंतने त्याला पिंजऱ्यासकट उचललं आणि घोडपदेवहून टॅक्सीने लालबागला डॉक्टर आकांक्षांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याला टॉवेलात धरून नीट तपासलं. आजार काही नव्हता.

“टीव्हीवर काय लावता, काका?”

“बातम्या. परवा जंगलाचा कार्यक्रम लावला होता. म्हटलं, झाडं तरी बघेल. तर घार आली आणि हा धडपडून खाली कोसळला.”

“त्याच्या लेखी ती घार खरीच असते. भांडणंही खरीच. तो आरडाओरडा आधी बंद करा.” डॉक्टरांनी दाण्याच्या उघड्या पडलेल्या छातीवरून बोट फिरवलं. “आणि घरातून कोण गेलंय?”

“कोणी नाही,” जयवंत म्हणाला.

गेली होती ती त्याची एकुलती एक मुलगी. तिचं नाव पूर्वी. दाण्या मुळात तिचाच. जयवंतने खटपट करून तिला बँकेत चिकटवलं होतं. तीन वर्षांनी तिने राजीनामा दिला आणि डबिंगच्या स्टुडिओत जायला लागली. दुसऱ्यांच्या चित्रांना आवाज द्यायला. “तोंडाने माकडासारखे आवाज काढायला तुला शिकवलं काय गं?” जयवंत सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा बोलला होता. त्याच आठवड्यात ती बॅग भरून परळला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. तिथे पक्षी चालत नव्हता. त्याला आता सव्वा वर्ष झालं. तिची आई असती तर मध्ये पडली असती. ती आधीच गेली होती.

टीव्ही बंद झाला. घर इतकं शांत झालं, की दाण्या बाजरीचे दाणे फोडायचा तेही ऐकू येई. पिसं कमी गळायला लागली, पण थांबली नाहीत.

एका संध्याकाळी मात्र दाण्या अचानक ताठ झाला. तुरा उभा राहिला. तो दांडीच्या टोकाशी सरकला, भिंतीकडे तोंड केलं आणि लांबलचक शीळ घातली. भिंतीपलीकडून कसलासा आवाज येत होता. थांबून थांबून तो शीळ घालत राहिला, जणू कुणाला तरी हाक मारत होता.

दुसऱ्या दिवशीही पाच वाजता तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गंगुबाई स्वतःच दारात आल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा टीव्ही नेहमी मोठ्याने.

“जयवंता, माझी नात कार्टून बघता आणि तुझो पोपट तेका साद घालता! येऊन बघ तरी.”

जयवंत गेला. पडद्यावर एक हत्तीचं पिल्लू चिखलात घसरत होतं. उठलं, पुन्हा घसरलं आणि हसलं. हसताना मध्येच त्याला श्वास अपुरा पडला आणि नाकातून बारीकसा ‘खिक्’ आला.

जयवंत दाराची चौकट धरून उभा राहिला. हे हसणं त्याने लेकीच्या पाळण्यापासून ऐकलं होतं.

“बस की रे,” गंगुबाई म्हणाल्या. तो बसला नाही. घरी आला आणि चॅनेलचा नंबर शोधत बसला.

त्या दिवसापासून रोज पाचला त्याच्याकडेही टीव्ही लागू लागला, आवाज मात्र बेताचा. दाण्या पिंजऱ्यातून बाहेर येऊन टीव्हीच्या टेबलावर चालायचा, मागे डोकावून बघायचा, तिथे कोणी सापडलं नाही की परत पुढे यायचा. महिन्याभरात त्याच्या छातीवर कोवळी पिसं फुटली.

आणि मग पूर्वीचा फोन आला.

“बाबा, मला परळलाच वेगळी जागा मिळालीय. रविवारी दाण्याला घेऊन जाऊ?”

“ने,” जयवंत म्हणाला.

रविवारी ती आली. थोडी बारीक झाली होती. दाण्या तिच्या खांद्यावर जाऊन बसला तो हलेचना. तिच्या कानाजवळचे केस चोचीने विंचरत राहिला. जयवंतने चहा टाकला, बिस्किटं काढली. जागा कशी आहे, पाणी किती वाजता येतं, एवढं विचारून झालं.

पाच वाजले. जयवंतचा हात सवयीने रिमोटकडे गेला. हत्तीचं पिल्लू पडद्यावर आलं आणि पूर्वी चमकली.

“हे तुम्ही बघता?”

“मी कशाला बघू? डॉक्टर म्हणाल्या, आरडाओरडा नको. ह्याला हे आवडतं, म्हणून लावतो.”

पूर्वीने दाण्याकडे पाहिलं. तो टीव्हीकडे ढुंकूनही बघत नव्हता. डोळे मिटून तिच्या मानेला चिकटला होता. ती खुदकन हसली.

“आता कुठे लागतंय त्याला? बंद करते.”

तिने रिमोट उचलला. जयवंतने पटकन तिच्या हातावर हात ठेवला.

“राहू दे गं. आजचा भाग रिपीट आहे. पण पुढे ते कळपातून चुकतं ना, तिथे तू फार छान रडली आहेस.”