उचलला नाही, म्हणजे बेकार

"तुम्ही माझ्या सव्वीस मुलींना न विचारता बेकार ठरवलंत. कोणत्या अधिकारात, त्याचं लेखी उत्तर द्या."

साहेबांनी पत्र मोठ्याने वाचलं, घडी घातली आणि टेबलावरून बाईंकडे सरकवलं. "बाई, अशा पत्रांना लेखी उत्तरं देत बसलो तर खात्याला टाळं लागेल."

"टाळं तुम्ही माझ्या वर्गाला लावताय. शनिवारी."

शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींना बाई सहा महिन्यांत फोनवर बोलायचं काम शिकवायच्या. हातात बंद पडलेला फोन द्यायचा आणि घोकून घ्यायचं. आधी नमस्कार, मग आपण कोण, मग "दोन मिनिटं आहेत का?" आणि तिथे गप्प व्हायचं. समोरच्याला हो म्हणू द्यायचं. गेल्या तुकडीत तीस जणी पास झाल्या. वर्षाने खात्याने पाहणी केली. नोकरीला लागलेल्या किती? शून्य. शून्यवाला वर्ग बंद, असा नियम. कुणीतरी खुर्चीत बसून केलेला.

नव्या तुकडीत तीस जणींनी नाव घातलं होतं. त्यातली एक, दोन लेकरांची आई, रोज दारात येऊन विचारायची, "बाई, वर्ग होणार ना?" बाई रोज "होणार" म्हणायच्या. काल म्हणताना त्यांची जीभ अडखळली होती.

"चौघींनी फोन उचलला, चौघीही घरीच," साहेब म्हणाले. "बाकी सव्वीस जणींना तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा फोन केला. उचलला नाही, म्हणजे बेकार."

"फोन करता दहा ते पाच. कामावरचं माणूस उचलेल कसं? घरी बसलेलंच उचलणार. तुम्ही बेकार शोधायलाच निघालात, ते सापडले."

"त्या कामावर आहेत, याला पुरावा?"

"नोकरी लागली की सांगायला यायच्या."

"कुठे लागली?"

"ते सांगायचं नाही, असं नोकरी देणाऱ्यांनी त्यांच्याकडून लिहून घेतलंय."

साहेब पोट धरून हसले. "सव्वीसच्या सव्वीस हेर झाल्या म्हणायच्या. चला, पाहणी कशी होते ते दाखवतो, म्हणजे तुमचं समाधान होईल."

पाहणीचं काम खात्याने एका कंपनीला दिलं होतं. तिचा हॉल खालच्याच मजल्यावर. बाहेरच्या बोळात भिंतभर पत्र्याचे कप्पे, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर वॉचमन.

"फोन इथे ठेवा, ताई. आत फोन न्यायची कुणालाच परवानगी नाही. आणि आवाज बंद करा. दिवसभर ऐकून माझे कान किटलेत."

बाईंनी फोन कप्प्यात ठेवला. जाड दार उघडलं, मागे बंद झालं आणि बोळातला सगळा आवाज तुटला.

आत ओळीने मुली बसल्या होत्या, कानाला हेडफोन. "पडद्यावर नाव नाही, नंबर नाही, फक्त एक सांकेतिक आकडा," साहेब सांगू लागले. "नंबर यंत्र लावतं. ओळखपाळख, वशिला, काही चालत नाही."

"नमस्कार. मी प्रशिक्षण पाहणीतून बोलतेय. दोन मिनिटं आहेत का?" तिसऱ्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली आणि गप्प झाली. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं. पाठ ताठ केली. मग पुढचा प्रश्न विचारला.

बाई चालता चालता थांबल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी नजर फिरवली. मग पुन्हा.

"काय मोजताय?"

"खुर्च्या."

"बोलणं ऐकलंत? किती चोख." साहेबांनी आवाज खाली आणला. "राग मानू नका, पण तुमच्या वर्गातून अशा मुली निघाल्या असत्या, तर आज ही वेळ आली असती का?"

"चोख आहेत खऱ्या," बाई म्हणाल्या. "साहेब, एक करा. ते सव्वीस फोन आत्ता पुन्हा लावा. सगळे एकदम."

"आत्ता? कुणी उचलणार नाही."

"नाही उचलला तर नाही. उचलला नाही म्हणजे बेकार, हे तुम्ही मला माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवा. शनिवारी मी माझ्या हाताने टाळं लावते."

साहेबांना सौदा आवडला. त्यांनी देखरेखीच्या माणसाला यादी काढायला सांगितली आणि खूण केली. तोवर बाई जाड दार ढकलून बोळात आल्या होत्या.

"तिकडे कुठे?" साहेब दारातून म्हणाले. "पडदा आत आहे."

"इथून जास्त नीट कळेल. या, साहेब."

साहेब बाहेर आले. क्षणभर काहीच झालं नाही. मग सातव्या कप्प्यात काहीतरी गुरगुरलं. मग अकराव्यात कुठलंसं गाणं वाजलं. मग खालची सगळी ओळ, मग वरची, आणि भिंतभर पत्रा थडथडायला लागला.

"झालं यांचं सुरू," वॉचमन कानांवर हात ठेवत म्हणाला.

बाई बोटांवर मोजत होत्या. सव्वीस झाल्यावर थांबल्या. घडी घातलेलं पत्र त्यांनी उघडलं, त्या थडथडत्या पत्र्यावर धरलं आणि साहेबांच्या हातात पेन दिलं.

"हे फोन कुणाचे आहेत, साहेब? उत्तर द्या. लेखी."